भूचालन, विमानाचे

भूचालन, विमानाचे : उड्डाणाची व अवतरणाची धाव वगळता विमानाने स्वतःच्या एंजिनाच्या शक्तीवर विमानतळाच्या पृष्ठभागावर केलेल्या हालचालीस भूचालन म्हणतात. वैमानिकांच्या नित्याच्या बोलण्यात यास ‘टॅक्सी करणे’ असे म्हटले जाते. विमान उभे असलेल्या जागेपासून धावपट्टीच्या मुखापर्यंत आणि अवतरणानंतर धावपट्टीपासून परत उभे करण्याच्या जागेपर्यंतचा सर्व प्रवास यात मोडतो. शिकाऊ वैमानिकाचा पहिला धडा भूचालनाचाच असतो व प्रत्येक उड्डाणाचा आरंभ आणि शेवट त्यानेच होतो. असे असूनही हा भाग उड्डाणाच्या मानाने गौण समजला जातो, आणि त्यातूनच जमिनीवरील टकरींचे बरेच प्रसंग उद्‌भवतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे एक एंजिनाच्या लहान विमानांचे भूचालन व त्यातील टकरीचे धोके यांचा विचार केला आहे. [⟶ विमान, विमानतळ].

ऐतिहासिक उल्लेख : विमानविद्येच्या आरंभकाळी जमिनीवरील चालनाला स्वतंत्र शिक्षणाचा दर्जा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१८) फ्रान्समधील शाळांतून ब्लेरिओ पद्धतीची आखूड पंखांची व कमी शक्तीची विमाने वापरीत. त्यांना उडता येत नसे, म्हणून त्यांना ‘पेंग्विन’ असे नाव पडले होते. विद्यार्थी अशा विमानातून मोकळ्या मैदानावर सरळ रेषेत धावण्याचा सराव करी, आणि तो साधल्यावरच त्याला उडणाऱ्या विमानात बसविण्यात येई. पुढे दुहेरी नियंत्रणे असलेली विमाने आल्यावर प्रशिक्षक शेजारी वा मागे बसू लागला व पेंग्विन मागे पडले. भारतात १९२८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फ्लाइंग क्लबपासून नागरी प्रशिक्षणाची परंपरा सुरू होते. तेथील व इतर क्लबांतील अनेक पिढ्या टायगर मॉथ (पहिले उड्डाण १९३१) आणि पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीने बनविलेले पुष्पक (पहिले उड्डाण १९५८) यांसारख्या शेपटीवर टेकणाऱ्या विमानांवर शिकल्या. मूळ घडणीच्या टायगर मॉथला चाकांचे ब्रेकही नसत. वेग मुळातच कमी ठेवणे हाच थांबण्याचा उपाय होता.

विमान हे जमिनीवरील वाहन म्हणून : विमानाची घडण हवेत तरण्यासाठी असते. जमिनीवर ते मोटारगाडीच्या मानाने रुंद, हलके व अस्थिर असे वाहन ठरते. प्रशिक्षणात सर्वत्र वापरले जाणारे सेस्ना १७२ हे चार आसनी विमान घेतल्यास त्याची लांबी सु. ८·३ मी. व पंखांचा विस्तार सु. ११ मी. असतो, म्हणजे ते लांबीपेक्षा रुंदीने अधिक आहे. वैमानिक डाव्या आसनावर बसतो. त्यामुळे उजव्या पंखाचे टोक त्याच्यापासून जवळजवळ ६ मी. अंतरावर राहते. मोटारगाडी चालविण्याची सवय असलेल्या माणसाचा अंदाज गाडीच्या रुंदीला सरावलेला असतो. पंखाच्या टोकापर्यंतची जागा आपल्याच वाहनाची आहे ही जाणीव त्याला प्रयत्नाने अंगी बाणवावी लागते.

वळताना हा दोष अधिक जाणवतो. विमानाचा मध्य ८ मी. त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असेल, तर बाहेरच्या पंखाचे टोक सु. १३·५ मी. त्रिज्येच्या वर्तुळावर फिरते. वैमानिकाला वेग ताशी ८ किमी. भासत असताना ते टोक ताशी १३·५ किमी. वेगाने जात असते. शेपूट मागे विरुद्ध बाजूस झुकते ते वेगळेच. हँगरच्या दाराची कड, दिव्याचा खांब, इंधन भरण्याचा पंप, शेजारी उभ्या असलेल्या विमानाचे सुकाणू यांवर पंख आपटतो तो बहुधा अशा वळणात. पंख धडाच्या वर असलेल्या विमानाचा पंख बुटक्या वस्तूंवरून निघून जातो, परंतु त्यामुळे वरची बाजू व वळणाच्या दिशेचा भाग झाकला जातो. पायपर चेरोकीसारख्या खाली पंख असलेल्या विमानात वरचे स्वच्छ दिसते, पण शंकू, अग्निशामक व कुंपणाचे खांब पंखाच्या उंचीला येतात.

विमानास गती देणारा पंखा हा सर्वांत घातक भाग होय. फिरता पंखा जवळजवळ अदृश्य होतो. माणसाला त्याचा स्पर्श बहुधा प्राणघातक ठरतो. पंखा एखाद्या वस्तूवर आदळला, तर आघात भुजदंडापर्यंत पोहोचतो आणि बाहेरून किरकोळ दिसणाऱ्या धक्क्यानंतरही एंजिन उघडून तपासावे लागते.

दिशा व वेग यांचे नियंत्रण : पुढे चाक असलेल्या तिचाकी विमानात ते चाक पायांखालील सुकाणूच्या पेडलांना जोडलेले असते. पेडलांचा वरचा भाग दाबला असता त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो. हातातील चक्राचा जमिनीवरील दिशेशी काहीही संबंध नसतो. तरीही विमान डावीकडे ओढले गेले, की नवा विद्यार्थी मोटारीप्रमाणे हाताने चक्र उजवीकडे फिरवितो आणि पाय निष्क्रिय राहतात. काही क्षण गेल्यावर चूक उमगून तो पेडल जोराने दाबतो, पाऊल वर सरकलेले असल्यास एका चाकाचा ब्रेक लागतो व विमान झटक्यात वळते. टॅक्सीमार्गाबाहेर जाण्याच्या अनेक घटनांमागे हीच साखळी असते. म्हणून प्रारंभी टाचा जमिनीवर टेकवून केवळ सुकाणू दाबण्याचा व हात मांडीवर ठेवून चालविण्याचा सराव देतात.

डाव्या आसनावरून पाहताना आणखी एक भ्रम होतो. विद्यार्थी टॅक्सीमार्गावरील पिवळी मध्यरेषा एंजिनाच्या झाकणाच्या मध्यावर आणू पाहतो. हा मध्य त्याच्या तिरक्या उजवीकडे असल्याने विमानाचे नाक रेषेच्या डाव्या बाजूस वळते. स्वतःच्या डोळ्यांपुढे सरळ दिसणारा बिंदू प्रमाण धरणे हा यावरील उपाय आहे.

शेपटीच्या चाकावर टेकणाऱ्या विमानात अडचणी वाढतात. नाक वर उचललेले असल्याने समोरचे दिसत नाही. म्हणून वैमानिकाने नागमोडी चालीने, एकदा एका व नंतर दुसऱ्या बाजूने पुढचा मार्ग पाहत जावयाचे असते. शिवाय गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्याने वळण सुरू झाले की ते आपोआप वाढू पाहते. ते वेळीच न आवरल्यास विमान स्वतःभोवती गरकन फिरते व बाहेरचा पंख जमिनीस घासतो.

वेगाविषयी ‘जलद चालणाऱ्या माणसाइतका’ हा जुना दंडक आजही प्रमाण मानतात. त्यामागील गणित सोपे आहे. १० नॉट म्हणजे ताशी सु. १८·५ किमी. वेगाने विमान एका सेकंदात सु. ५ मी. पुढे जाते. रेडिओची कंप्रता बदलण्यासाठी वैमानिकाने पाच सेकंद मान खाली घातली, तर विमान न पाहता २५ मी., म्हणजे स्वतःच्या लांबीच्या तिपटीइतके पुढे गेलेले असते. माणसाच्या चालीने तेच अंतर सु. ८ मी. भरते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेग दुप्पट केल्यास ब्रेकना चौपट ऊर्जा शोषावी लागते. थ्रॉटल उघडे ठेवून ब्रेकने वेग आवरीत राहणे ही विद्यार्थ्यांत सर्रास आढळणारी खोड आहे. तिने ब्रेक तापतात व नेमक्या निकडीच्या वेळी दुबळे पडतात. वेग कमी करताना प्रथम थ्रॉटल मागे घ्यावे व मग ब्रेक लावावा, हा क्रम यासाठीच शिकवितात. विमान हलताच पहिल्या काही मीटरांत ब्रेक तपासणेही आवश्यक असते, कारण ब्रेक निकामी असल्याचे तेथे कळले तर नुकसान होत नाही.

वाऱ्याचा परिणाम : उभ्या विमानाच्या पंखांवरही वारा उत्थापक प्रेरणा निर्माण करतो. वारा समोरून तिरका येत असल्यास नियंत्रण चक्र वाऱ्याच्या दिशेस वळवून त्या बाजूचे एलेरॉन वर ठेवतात. वारा मागून तिरका असल्यास चक्र वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस वळवून पुढे दाबतात, म्हणजे वारा शेपटीखाली वा पंखाखाली शिरून विमान उचलत नाही. पंख वर असलेल्या तिचाकी विमानांना मागून तिरक्या येणाऱ्या वाऱ्याचा धोका सर्वाधिक असतो. अशा वाऱ्यात जलद वळण घेतल्यास विमान पुढच्या चाकावर व एका पंखावर कलंडू शकते. मोठ्या जेट विमानाच्या मागील झोत व हेलिकॉप्टरखालील हवेचा प्रवाह यांचाही लहान विमानावर असाच परिणाम होतो.

टकरीचे प्रकार : भूचालनातील टकरींचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला, स्थिर वस्तूंशी होणाऱ्या टकरींचा. या बहुधा उभे करण्याच्या जागेजवळ, कमी वेगात व ओळखीच्या परिसरात घडतात. दुसरा, इतर चालत्या विमानांशी, वाहनांशी वा माणसांशी होणाऱ्या टकरींचा. अवतरणानंतरचा काळ यात विशेष जोखमीचा असतो. मुख्य काम संपल्याच्या भावनेने लक्ष शिथिल होते, आणि झडपा मिटणे, दिवे बंद करणे, रेडिओवर बोलणे ही कामे विद्यार्थी विमान चालत असतानाच उरकू पाहतो. ही सर्व कामे धावपट्टी पूर्णपणे सोडून, थांबण्याची रेषा ओलांडल्यावर, विमान उभे करून करावीत असा संकेत आहे.

एंजिनाची उड्डाणपूर्व चाचणी हाही असाच एक नाजूक प्रसंग होय. ब्रेक लावून एंजिन मिनिटास सु. १,७०० ते १,८०० फेऱ्यांपर्यंत नेले जाते आणि विद्यार्थ्याची नजर उपकरणांवर खिळलेली असते. ब्रेक अपुरे लागले असल्यास विमान हळूहळू पुढे सरकते व समोर उभ्या असलेल्या विमानाच्या शेपटीत पंखा शिरतो. म्हणून पुढे मोकळी जागा ठेवणे, पुढचे चाक सरळ करणे आणि प्रत्येक वाचनानंतर एकदा बाहेर पाहणे हे नियम पाळले जातात.

तिसरा वर्ग धावपट्टीवरील अतिक्रमणाचा. उड्डाण व अवतरण यांसाठी राखलेल्या क्षेत्रात विमान, वाहन वा व्यक्ती चुकीने उपस्थित असणे अशी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने त्याची व्याख्या केली आहे. पहिल्या दोन वर्गांत बहुधा धातूचे नुकसान होते, तिसऱ्यात मनुष्यहानी होते, कारण टकरीतील दुसरे विमान उड्डाणाच्या वेगात असते.

काही उल्लेखनीय दुर्घटना : २७ मार्च १९७७ रोजी कानेरी बेटांतील तेनेरीफ येथे दाट धुक्यात उड्डाणाच्या धावेवर असलेले एक बोईंग ७४७ विमान त्याच धावपट्टीवर भूचालन करीत असलेल्या दुसऱ्या बोईंग ७४७ वर आदळून ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. विमान वाहतुकीच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी दुर्घटना होय. तीत अनुभवी वैमानिक होते, ही गोष्ट या विषयाचे गांभीर्य दर्शविते.

लहान विमानांच्या दृष्टीने पुढील तीन घटना अधिक बोधप्रद आहेत. २२ नोव्हेंबर १९९४ च्या रात्री अमेरिकेतील सेंट लूइस येथे सेस्ना ४४१ या विमानाच्या वैमानिकाला एका धावपट्टीकडे जाण्यास सांगितले असता तो तिच्याशी जवळजवळ समांतर असलेल्या दुसऱ्या धावपट्टीवर जाऊन उभा राहिला. थोड्या वेळापूर्वी तो त्याच धावपट्टीवर उतरला होता व उड्डाणही तेथूनच होणार अशी त्याची समजूत झाली होती. उड्डाण करणारे प्रवासी विमान त्यावर आदळले व सेस्नातील दोघेही मरण पावले. ऐकलेल्या शब्दांपेक्षा मनात धरलेली अपेक्षा बलवत्तर ठरते, हे यावरून दिसते.

१९ नोव्हेंबर १९९६ रोजी इलिनॉय राज्यातील क्विन्सी येथे एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांवर, एक उतरणारे व एक उड्डाण करणारे अशा दोन विमानांची टक्कर होऊन १४ जण दगावले. या विमानतळावर नियंत्रण मनोरा नव्हता. उतरणाऱ्या विमानाने रेडिओवर केलेल्या पृच्छेला धावपट्टीजवळील तिसऱ्याच लहान विमानाने उत्तर दिले आणि ते उड्डाणास सिद्ध असलेल्या विमानाचेच आहे असा समज झाला. उड्डाण करणाऱ्या विमानातील वैमानिकांनी सामाईक कंप्रतेकडे व आसपासच्या वाहतुकीकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते, असे चौकशीत निष्पन्न झाले.

८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर धुक्यात एका लहान जेट विमानाने चुकीचा टॅक्सीमार्ग धरला आणि ते चालू धावपट्टीवर येऊन उड्डाण करणाऱ्या प्रवासी विमानापुढे आले. त्या दुर्घटनेत ११८ माणसे मरण पावली. जमिनीवरील रडार त्या वेळी कार्यान्वित नव्हते आणि मार्गावरील खुणाही सदोष होत्या. २ जानेवारी २०२४ रोजी टोकिओच्या हानेदा विमानतळावर उतरणारे एअरबस ए-३५० विमान धावपट्टीवरील तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण वाचले, परंतु दुसऱ्या विमानातील सहांपैकी पाच जण दगावले. साधने सुधारूनही हा धोका नाहीसा झालेला नाही, असे यावरून म्हणता येते.

नियम व खुणा : पृष्ठभागावरील हालचालींचे आंतरराष्ट्रीय नियम मोजकेच आहेत. दोन विमाने समोरासमोर येत असल्यास दोघांनी थांबावे किंवा शक्य तेथे आपापल्या उजवीकडे वळावे. मार्ग एकमेकांना छेदत असल्यास ज्याच्या उजवीकडे दुसरे विमान असेल त्याने वाट द्यावी. मागून पुढे जाणाऱ्याने पुरेसे अंतर राखावे. उड्डाण करणाऱ्या वा करण्याच्या बेतात असलेल्या विमानाला भूचालन करणाऱ्याने नेहमी वाट द्यावी.

धावपट्टीवरील खुणा पांढऱ्या व टॅक्सीमार्गावरील पिवळ्या असतात. धावपट्टीपूर्वी थांबण्याची जागा चार पिवळ्या समांतर रेषांनी दाखवितात. त्यांपैकी दोन अखंड व दोन तुटक असतात. अखंड रेषा ज्याच्या बाजूस असतील त्याने परवानगीशिवाय त्या ओलांडावयाच्या नसतात. तुटक रेषांच्या बाजूने, म्हणजे धावपट्टीवरून येणाऱ्याने मात्र त्या पूर्णपणे ओलांडून मगच थांबावयाचे असते. लाल पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असलेली पाटी आज्ञार्थी, काळ्यावर पिवळी अक्षरे असलेली पाटी आपण कोठे आहोत हे सांगणारी आणि पिवळ्यावर काळी अक्षरे असलेली पाटी दिशादर्शक असते. रात्री टॅक्सीमार्गाची कड निळ्या व मध्यरेषा हिरव्या दिव्यांनी दाखवितात. आडव्या ओळीतील लाल दिवे लागलेले असताना पुढे जाता येत नाही.

रेडिओ बंद पडल्यास नियंत्रण मनोऱ्यावरून प्रकाशसंकेत मिळतात. जमिनीवरील विमानासाठी लुकलुकणारा हिरवा म्हणजे भूचालनास अनुज्ञा, स्थिर लाल म्हणजे थांबा, लुकलुकणारा लाल म्हणजे वापरातील अवतरणक्षेत्रातून बाहेर व्हा आणि लुकलुकणारा पांढरा म्हणजे आरंभीच्या जागी परत जा, असा अर्थ असतो.

धावपट्टीशी संबंधित प्रत्येक सूचना वैमानिकाने आपल्या विमानाच्या खुणेसह परत उच्चारून दाखवावी लागते. अमेरिकेत जून २०१० पासून प्रत्येक धावपट्टी ओलांडण्यास स्वतंत्र अनुज्ञा आवश्यक करण्यात आली. तेथे आपण विद्यार्थी असल्याचे नियंत्रकास सांगण्याची व टप्प्याटप्प्याने मार्ग विचारण्याची शिफारसही आहे. परक्या विमानतळावर मार्ग विचारणे यात कमीपणा नसून तो वैमानिकाचा हक्कच आहे. मात्र संशय आल्यास धावपट्टीवर थांबून विचारीत बसणे घातक असते. थांबावयाचे ते धावपट्टीबाहेर.

प्रशिक्षणातील दृष्टी : भारतात शिकाऊ वैमानिकाचा परवाना वयाच्या १६ व्या वर्षापासून मिळू शकतो. इतक्या तरुण वयात विद्यार्थ्याचे सारे चित्त उड्डाणाकडे लागलेले असते आणि अडथळा लवकर ओलांडून धावपट्टी गाठण्याची घाई असते. प्रशिक्षकाने पहिल्या काही तासांत भूचालनास स्वतंत्र वेळ द्यावा, विमानतळाचा नकाशा कागदावर काढून घ्यावा व मार्ग आधी तोंडी म्हणवून घ्यावा, असे अनुभवी संस्थांचे मत आहे. पंखाच्या टोकाबाबत शंका असल्यास एंजिन बंद करून खाली उतरावे आणि विमान हाताने ढकलावे, हा नियम साधा असला तरी अवघडल्या जागी तोच सर्वांत उपयोगी पडतो. ब्रेक निकामी झाल्यास थ्रॉटल मिटून, माणसे व विमाने यांपासून दूर मोकळ्या गवताकडे वळवून एंजिन तात्काळ बंद करणे हा क्रम विद्यार्थ्याकडून तोंडपाठ करून घेतात.

किरकोळ टक्कर लपविण्याचा मोह हा भूचालनातील सर्वांत मोठा नैतिक धोका होय. पंखाच्या टोकावर पडलेला लहानसा पोचा पाहून विद्यार्थी दंडाच्या वा नाचक्कीच्या भीतीने गप्प राहतो. परंतु टोकावरील आघात लांब तरफेप्रमाणे पंखाच्या मुळाशी पोहोचतो व आतील तुळईला वा जोडाला बाहेरून न दिसणारी इजा झालेली असू शकते. त्याच विमानातून पुढचे उड्डाण दुसरा विद्यार्थी करणार असतो. म्हणून ज्या संस्थेत अशी चूक सांगणाऱ्यास प्रथम धीर दिला जातो आणि विमान अभियंत्याच्या तपासणीवाचून पुन्हा सोडले जात नाही, तेथील प्रशिक्षण अधिक सुरक्षित असते.

पहा : धावपट्टी, विमान, विमानतळ, विमान वाहतूक नियंत्रण, वैमानिक प्रशिक्षण.